जिनाच्या सभेतली चिठ्ठी

मी मतदान शिकवते असं सांगितलं, की लोक दोनच प्रश्न विचारायचे. पहिला, "यंदा कोण येणार?" आणि दुसरा, "त्यात शिकवण्यासारखं काय आहे?" आमच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या वत्सलाबाईंना तर बरीच वर्षं वाटत होतं, की शाई कोणत्या बोटाला लावायची आणि कागदाची घडी कशी घालायची, हे मी अमरावतीच्या कॉलेजात पोरापोरींना समजावून सांगते आणि सरकार मला त्याचा पगार देतं. मी त्यांची समजूत काढायचा प्रयत्न केला नाही. पगार ऐकून त्यांचा जो चेहरा व्हायचा, तो पाहायला मला आवडायचं.

माझा पेपर एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होता. नाव भारदस्त: राजकीय अर्थशास्त्र आणि मतदानाचे सिद्धान्त. ऐच्छिक होता, आणि त्यात गणित कमी असतं अशी अफवा होती, म्हणून वर्ग भरलेला असायचा. नगरपालिकेच्या एका उमेदवाराच्या कानावर हे नाव गेलं आणि तो शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांची पेटी घेऊन घरी हजर झाला. "मॅडम, आपल्या वार्डाचं गणित मांडून द्या." मी म्हटलं, भाऊ, कोण जिंकेल हे माझं शास्त्र सांगत नाही. दहा माणसांच्या दहा इच्छा असताना त्यांतून एक निर्णय कसा निघतो आणि निघताना तो कुठे वाकडा होतो, तेवढंच सांगतं. "म्हणजे तुमी समोरच्या पार्टीले आधीच शब्द देऊन बसल्या," एवढं बोलून तो उठला, आणि जाताना पेटी परत घेऊन गेला.

या विषयाचा मला फार अभिमान होता, आणि त्याला कारण होतं. आमचं घर अकोल्याचं, बौद्ध वस्तीतलं. आमच्याकडे मतदानाचा दिवस सणासारखा असायचा. आई पहाटे उठून अंघोळ करायची, पांढरं पातळ नेसायची, आणि केंद्र उघडायच्या आधीच रांगेत उभी असायची. तिच्या आईच्या आईला गावच्या पंचायतीत पायरीच्या खाली बसावं लागायचं. तिथे कुणी तिला कधी काही विचारलं नव्हतं. आई म्हणायची, "बाई, ज्याले इचारत नाई तो माणसात नसते. मत म्हंजे इचारणं होय." मी शिकले, नोकरीला लागले आणि हेच शिकवायला लागले, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिला झाला होता. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात ठेवा, कारण मी नेमकं हेच विसरले.

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, एका सहलीत संपतं. दरवर्षी मी वर्गाला सांगायची, की सहल न्यायची आहे, ठिकाण मतदानाने ठरवू. ठिकाणं तीन: चिखलदरा, लोणार आणि शेगाव. वर्गात बहुतेक वेळा तीन टोळ्या पडायच्या. एका टोळीला आधी चिखलदरा, मग लोणार, मग शेगाव. दुसरीला आधी लोणार, मग शेगाव, मग चिखलदरा. तिसरीला आधी शेगाव, मग चिखलदरा, मग लोणार. तिन्ही टोळ्या साधारण सारख्याच. मग मी दोन-दोन ठिकाणांची कुस्ती लावायची. आधी लोणार की शेगाव? हात वर. लोणार जिंकलं. आता लोणार की चिखलदरा? हात वर. चिखलदरा जिंकलं. टाळ्या वाजायच्या. मग मी सांगायची, अरे बाबांनो, सुरुवात वेगळ्या जोडीने केली असती तर शेगाव आलं असतं, आणि आणखी वेगळ्या जोडीने केली असती तर लोणार. तुम्ही तेच, तुमच्या आवडी त्याच, एकानेही मत बदललेलं नाही. तीन टोळ्या अशा गोल फिरत असल्या की पहिल्या कुस्तीच्या वेळी जो पैलवान बाहेर बसून राहतो तोच शेवटी जिंकतो. म्हणून मत किती पडतात यापेक्षा प्रश्न कोणत्या क्रमाने विचारला जातो, हे आधी बघा.

वर्ग गप्प व्हायचा. ती शांतता मला फार आवडायची.

एका वर्षी त्या शांततेत मागच्या बाकावरून आवाज आला. "मॅडम, मंग दरसाली चिखलदराच काऊन येते?" सगळे हसले. मीही हसले, पण कानांच्या पाळ्या गरम झाल्या. चिखलदऱ्याची हवा मला आवडायची, आणि पहिल्या कुस्तीत त्याला बाहेर बसवणारी मीच असायची. प्रश्न विचारणारी मुलगी तेल्हाऱ्याची होती, नसरीन. वडील शकूरभाई तिकडच्या एका सहकारी जिनात फिटर होते. जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी करून रुई काढायचा कारखाना. अमरावतीला होस्टेलवर राहून पोरगी एम.ए. करत होती, आणि तिच्या घरातलं शिकण्यासाठी बाहेर पडलेलं ते पहिलंच माणूस.

तो काळ आमच्या वऱ्हाडाचा वाईट काळ होता. कापसाची सरकारी खरेदी ढासळत चालली होती, बरेच जण सोयाबीनकडे वळत होते, आणि पेपरात आतल्या पानावर रोज तेच ते छापून येत होतं. ते काय, हे वाचकांना मी सांगायची गरज नाही. आमच्या विभागाने त्या वर्षी या संकटावर चर्चासत्र घेतलं. दिल्लीहून, मुंबईहून अभ्यासक आले. दुपारच्या जेवणात पनीर होतं आणि दोन गोड पदार्थ होते, आणि जिलेबी थंड आहे म्हणून एका पाहुण्यांनी आचाऱ्याला झापलं. मी त्या सत्राची समन्वयक होते. तेव्हाही लाज वाटली होती, पण ती सगळ्यांत वाटून घेता येण्यासारखी होती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर नसरीन माझ्या खोलीत आली. अब्बूंच्या जिनाची आमसभा आहे, म्हणाली. जिन दोन हंगाम रडतखडत चाललं होतं. आता समोर तीन प्रस्ताव होते. जिन दुरुस्त करून संस्थेनेच चालवायचं, किंवा दहा वर्षांसाठी एका व्यापाऱ्याला भाड्याने द्यायचं, किंवा यंत्रं मोडीत काढून जागा दुकानांसाठी विकायची. व्यापारी आपली माणसं आणणार, हे ठरलेलं होतं. म्हणजे जिन संस्थेने चालवलं तरच शकूरभाईंचं काम राहणार होतं, आणि काम राहिलं तरच नसरीनचं होस्टेल.

"मॅडम, आपली सहल हाय ती," ती म्हणाली. "मी सभासदांना इचारून आली. तीन टोळ्या हायत."

तिने खरोखरच घरोघर फिरून विचारलं होतं. अजून कापूस पेरणाऱ्यांना जिन चालायला हवं होतं, ते नाहीच जमलं तर भाड्याने द्या, पण विकू नका. सोयाबीनकडे गेलेल्यांना आधी भाडं हवं होतं, नाहीतर विका म्हणत होते, चालवण्याचा ताप नको. आणि शेती कसायला देऊन अकोल्यात राहायला गेलेल्यांना विकायचं होतं, ते होत नसेल तर निदान आपलं आपण चालवा, त्या व्यापाऱ्याला फुकटात देऊ नका. टोळ्या सारख्याच. गोल अगदी पुरा. वीस वर्षं फळ्यावर काढलेली आकृती माझ्यासमोर जिवंत उभी होती, आणि मला जे वाटलं ते सांगते: मला आनंद झाला.

"अध्यक्षसाहेबांनी क्रम लावला हाय," नसरीन सांगत होती. "आधी चालवणे का भाड्यानं देणे. विकणं मागून."

म्हणजे विकण्याचा प्रस्ताव बाहेर बसणार आणि शेवटी तोच जिंकणार. अध्यक्षांनी माझा पेपर कधी घेतला नव्हता, पण घेतला असता तर पहिल्या वर्गात पास झाले असते. नसरीनने मला यायची विनंती केली. लोकांना एवढंच समजावून सांगा, म्हणाली, की क्रमानं निकाल फिरतो. पुढचं ते पाहतील. मी हो म्हटलं. पाहुण्या तज्ज्ञ म्हणून मला बोलवायला अध्यक्षही तयार झाले. अमरावतीची प्राध्यापिका मंचावर बसली की सभेला शोभा येते, असं त्यांना वाटलं असावं.

सभा जिनाच्याच आवारात होती, रिकाम्या गोदामात. मी पोचले तेव्हा शकूरभाई दारात उभे होते, खांद्यावर पंचा, नखांत काळं ऑईल. त्यांनी मला आधी आतलं जिन दाखवलं. यंत्र बंद होतं, पण रोलर आणि पाती यांच्यातली फट त्यांनी अंगठ्याने चाचपून दाखवली. "एवढी राह्यली पाह्यजे मॅडम. कमी झाली तं रुई जयते, जास्त झाली तं सरकी तुटते." हे सांगताना ते यंत्राकडे बघत होते, माझ्याकडे नाही. मग त्यांनी चहा आणवला. "पोरीले तुमी चांगलं शिकवून राहिल्या. घरी येते तं आमालेच शिकवते," म्हणाले, आणि हसले. हे सगळं सभेच्या आधी घडलं. मी त्यांना ओळखत नव्हते, असं मला म्हणता येणार नाही.

माझी बोलायची वेळ आली तेव्हा मी तीच सहल सांगितली. चिखलदरा, लोणार, शेगाव. गोदामात मागे बसलेल्यांपर्यंत हशा गेला. मग मी ठिकाणांची नावं काढून प्रस्तावांची नावं घातली. हशा थांबला. अध्यक्षांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. माझं भाषण त्या दिवशी खरोखर चांगलं झालं, हेही कबूल करायला हवं.

आणि मग जे झालं त्याची तयारी कोणत्याच पुस्तकाने माझ्याकडून करून घेतली नव्हती. गुलाबराव नावाचे एक जुने सभासद उभे राहिले. ते कापूसवाले, पण त्यांना सगळ्याच टोळ्यांत मान होता. ते म्हणाले, "मॅडम, समजलं. अध्यक्षाचा क्रम त्याच्या सोयीचा होता, हे बी समजलं. आता तुमीच क्रम सांगा. तुमी बाहेरच्या, शिकेल. तुमी सांगसान तो आमाले कबूल."

"कबूल, कबूल," चारी बाजूंनी आवाज आले. विकणारेही म्हणाले, अकोल्याहून आलेले.

मी उभीच होते. हातात माईक होता. नसरीन बायांच्या बाजूला उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. माझं स्वतःचं मत नव्हतं असं नाही. जिन एक-दोन हंगाम नीट चालवून बघावं, असं मला मनापासून वाटत होतं. नुसतं एवढं म्हणायचं होतं, की आधी विकणे की भाडे ते ठरवा, चालवण्याचं शेवटी बघू. झालं असतं. किंवा असंही म्हणता आलं असतं, की आज मत घेऊ नका, या तीन टोळ्यांनी एकत्र बसून आधी बोला, कुणाला काय का हवं आहे ते एकमेकांना सांगा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा या. ते तर कोणत्याही गावातल्या कोणत्याही शहाण्या बाईला सुचलं असतं.

मला सुचलं ते वेगळंच. मी क्रम सांगितला म्हणजे मी निकाल सांगितला. मी तटस्थ. माझ्या विद्यार्थिनीचा बाप इथे नोकरीला. उद्या कुणी बोट दाखवलं तर? पुस्तकात अशा पेचावर एक निर्दोष उपाय दिलेला असतो. तिन्ही क्रमांना सारखी संधी द्या. पक्षपात शून्य.

"चिठ्ठी टाकू," मी म्हणाले. "जो प्रस्ताव निघेल तो शेवटच्या फेरीसाठी राखून ठेवू. यापेक्षा न्याय्य पद्धत नाही."

लोकांना ते पटलं. चिठ्ठीवर आपल्याकडे कुणाचा आक्षेप नसतो. तीन कागद फाडले, घड्या घातल्या, स्टीलच्या डब्यात टाकले. जो बाहेर बसतो तोच जिंकतो, हे मी नुकतंच त्यांना सांगितलं होतं. पण गोदामातल्या गर्दीत ते किती जणांच्या ध्यानात राहिलं असेल? डब्यात क्रम नव्हता, डब्यात निकालच होता, हे पुरेपूर माहीत असलेल्या आम्ही तिथे दोघीच होतो. नसरीन आणि मी.

"काढते कोन?" अध्यक्षांनी विचारलं.

"सभासद नसेल असं कोणीही," मी म्हणाले. नियम म्हणून ते बरोबरच होतं. ज्याला मत नाही त्याचा निकालात हितसंबंध नाही. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या, कारण त्या गोदामात सभासद नसलेला पुरुष एकच दिसत होता. मीही तिकडे पाहिलं.

"हे चालतील," मी म्हणाले.

शकूरभाई पुढे आले. पंच्याला हात पुसले. डोळे मिटून ओठ हलवले, आणि डब्यात हात घातला. चिठ्ठी त्यांनी माझ्याच हातात दिली, कारण मराठी अक्षर त्यांना जरा सावकाश लागायचं. मी उघडली आणि माईकवर वाचली. विकणे.

पुढचं सगळं आकृतीबरहुकूम झालं. चालवणे की भाड्याने देणे? चालवणे जिंकलं. कापूसवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि शकूरभाईंनीसुद्धा दारातून टाळी वाजवली. त्यांना वाटलं झालं. चालवणे की विकणे? हात वर गेले. विकणे जिंकलं. ठराव लिहिला गेला, निबंधकांकडे पाठवायचं ठरलं, आभार मानले गेले, आणि मला शाल-श्रीफळ मिळालं. दोन दिवसांनी पेपरात छोटी बातमी आली: पारदर्शक मतदानाचा आदर्श. प्राचार्यांनी ती कापून विभागाच्या फलकावर लावली.

गुलाबराव मला एस.टी.च्या थांब्यापर्यंत सोडायला आले. रागावले नव्हते. थकल्यासारखे वाटत होते. "मॅडम," ते म्हणाले, "चिठ्ठीच टाकाची होती तं आमी तुमाले काऊन बलावलं? ते तं आमाले बी येत होतं."

मी शाल सावरत गाडीत चढले.

परतीच्या एस.टी.त नसरीन माझ्या शेजारी बसली होती. अकोट आलं तेव्हा खिडकीबाहेर बघतच तिने विचारलं, "मॅडम, तुमाले सोताले काय वाटत होतं?"

"चालवावं, असं."

"मंग बोलल्या काऊन नाई?"

"मी तटस्थ होते, नसरीन. मला बोलवलं होतं ते त्यासाठीच."

"अब्बूले चिठ्ठी काढाले लावली, तवा बी तटस्थच होत्या?"

मी म्हणाले, ते सभासद नव्हते. हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि मला आईचा आवाज ऐकू आला. ज्याले इचारत नाई तो माणसात नसते. पिढ्यान् पिढ्या जी गोष्ट आमच्या माणसांना ऐकवली गेली, तीच मी शाल अंगावर घेऊन एका मुलीला तिच्या बापाबद्दल सांगत होते. जिनात काम करणाऱ्या बायाही त्या दिवशी गोदामाबाहेर बसल्या होत्या, सरकी वेचणाऱ्या, गाठी बांधणाऱ्या. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. मत नसलेला माणूस माझ्या आकृतीत कुठेच नसायचा, आणि मला वाटत होतं की तो निकालातही कुठे नसतो. मला इतकी लाज वाटली, की पुढचा सगळा प्रवास मी त्या शालीची घडी घालत आणि उलगडत काढला.

त्या वर्षी नसरीन परीक्षेला बसली नाही. होस्टेलची खोली सोडून गेली. मी तिला पत्र लिहायला हवं होतं, घरी जायला हवं होतं. यांपैकी काही केलं नाही. पुढच्या जुलैत वर्गात सहलीचा धडा आला तेव्हा मी चिखलदरा, लोणार, शेगाव फळ्यावर लिहिलं आणि तास तिथेच संपवला. पोरांना वाटलं, मॅडमना बरं नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी तो धडा पुस्तकातल्या अक्षरांनी शिकवला: अ, ब, क. पोरांना कळायचा, पण कुणी हसायचं नाही.

निवृत्तीनंतर मी अकोल्याला परत आले. जुन्या शहरात मोर्णा नदीच्या अलीकडच्या गल्लीत गाद्यांची दुकानं आहेत, आणि मला गादी करायची होती. म्हणजे गादी हे निमित्त. नसरीनने पुढे बाहेरून परीक्षा देऊन एम.ए. पूर्ण केलं, ती आता एका उर्दू शाळेत शिकवते, आणि शकूरभाईंनी भावाच्या घरी खाली कापूस पिंजायचं यंत्र टाकलंय, हे मला एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळलं होतं. सकाळी लवकर गेले. दुकानात रुईचे ढीग, हवेत तंतू, आणि त्या सगळ्यात शकूरभाई, दाढी पांढरी झालेली, भुवयांवर कापूस बसलेला.

त्यांनी मला लगेच ओळखलं. खुर्ची झटकली, चहा मागवला. तोच आदर. त्या आदराने मला तिथे बसवेना.

थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनीच विषय काढला. "जिनाच्या जागी आता दुकानं झाली मॅडम. मी तिकडून गेलो की तोंड फिरवून घेतो." मग उजवा हात उघडून माझ्यासमोर धरला. "कोनाले दोष देऊ? लोकायनं हात वर करून मले काढलं असतं तं कोन्या एखाद्यावर राग तं धरला असता. पन चिठ्ठी माह्याच हातानं निघाली. हातच मनहूस हाय, मॅडम. तवापासून मी सकायची बोहनी या हातानं करत नाई. नसरीन करते, मंग शायेत जाते."

बोहनी म्हणजे दिवसाचा पहिला सौदा. पहिल्या गादीत पहिली मूठ कापूस नसरीन टाकायची, मग ते कामाला लागायचे. इतकी वर्षं. रोलरची फट अंगठ्याने सांगणारा तो हात.

मी ठरवून आले होते ते बोलले. "शकूरभाई, हात तुमचा नव्हता. चिठ्ठी मी टाकायला लावली. क्रम सांगा म्हणून लोक मला म्हणत होते, सांगितला असता तर जिन राहिलं असतं. मला माहीत होतं. मी घाबरले. दोष माझा आहे, तुमच्या हाताचा नाही."

ते ऐकत होते. मग हसले, मनापासून, लहान पोराची समजूत काढतात तसे. "जाऊ द्या मॅडम. मले बरं वाटावं म्हनून तुमी बोलून राहिल्या. तुमी शिकेल मानसं, तुमी कशा चुकसान? पेपरात बी आलतं, चांगलं मतदान घेतलं म्हनून."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा हसून मान हलवली. मतदानात हरलेल्या माणसाकडे निदान राग धरायला माणसं उरतात. मी त्यांच्याकडून तेवढंही काढून घेतलं होतं, आणि आता परत द्यायला गेले तर ते घ्यायला तयार नव्हते.

"गादी कशी भरू? कडक का नरम? मधली बी होते." ते मापाची पट्टी घेऊन उठले. "तुमाले पटन ते सांगा."

तुम्हाला योग्य वाटेल तशी भरा, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

"कडक," मी म्हणाले. "आणि शकूरभाई, एक ऐका. पहिली मूठ आज तुम्ही टाका. तुमच्याच हाताने. मला तीच हवी."

त्यांनी खोळ पसरली. रुईच्या ढिगाजवळ वाकले. हात पुढे नेला, आणि तो तिथेच थांबला. मग सरळ झाले, हात लुंगीला पुसला, आणि जिन्याकडे बघून हाक मारली, "नसरीन बेटा, बोहनी!"

ती खाली आली. शाळेची पर्स खांद्याला, डोक्यावर ओढणी. मला पाहून ती क्षणभर पायरीवर थांबली. मग पुढे येऊन तिने मूठभर रुई उचलली, माझ्या खोळीत टाकली, आणि म्हणाली, "सलाम, मॅडम." शाळेला उशीर होत होता, ती निघून गेली.